नळ चालत येतो का?

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. विकत घ्यायचं, पिशवीतून घरी आणायचं आणि मग नेऊन मातीत पुरून टाकायचं. पुरलं तर फायदा, जपून ठेवलं तर तोटा. सांगा पाहू काय?

शेतकऱ्याच्या लेकराला हे कोडं ऐकता ऐकताच सुटेल. इतरांना जरा डोकं खाजवावं लागेल. उत्तर आहे, बी! आणि हे कोडं मी उगीच घातलेलं नाही. मी ज्या जालना शहराबद्दल तुम्हांला सांगणार आहे, ते बियाण्यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे 'महिको' ही बियाण्यांची कंपनी सुरू केली. पुढे १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाणं, कापूस, धान्य, लोखंड असा मोठा व्यापार इथे चालतो, म्हणून आमच्याकडे जुने लोक म्हणतात, "जालना सोने का पालना."

माझ्या धाकट्या बहिणीनं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिनं वडिलांना विचारलं, "पण तो पाळणा टांगलाय कुठे? आणि आत बाळ कोणाचं?" वडील खूप हसले, पण उत्तर टाळलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून मोंढ्यात घेऊन गेले आणि ज्वारीच्या पोत्यांची थप्पी दाखवून म्हणाले, "हा बघ पाळणा." ती म्हणाली, "हलत तर नाही!"

आता गंमत बघा. मासिकात, साप्ताहिकात कोडी येतात ना, त्यांचं उत्तर खाली बारीक अक्षरांत उलटं छापलेलं असतं. नाही सुटलं तर अंक फिरवला की झालं. शहरातली कोडी तशी नसतात. ती भिंतींवर, पाट्यांवर, बसवर आणि लोकांच्या बोलण्यात लपलेली असतात आणि उत्तर कुठेच छापलेलं नसतं. मी पाचवीत अंबड तालुक्यातल्या एका लहान गावातून जालन्याला शिकायला आलो. त्यामुळे शहरातल्या मुलांना जे रोजचं म्हणून दिसतही नव्हतं, ते मला कोडं वाटायचं. त्यातली काही कोडी आज तुमच्यासमोर ठेवतो.

पहिलं कोडं नावांचं. आमच्या शहरातून कुंडलिका नदी वाहते. एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा जालना. नाव ऐकून तुम्हांला वाटेल, नव्या जालन्यात सगळं कोरं करकरीत असेल. तिथे जाऊन बघा! कादराबादसारख्या जुन्या वस्त्या याच नव्या जालन्यात. तुमच्या पणजोबांच्या वेळीही तो 'नवा'च होता आणि तुमच्या नातवंडांच्या वेळीही 'नवा'च राहणार. पुण्यातही असंच आहे. शिवाजी पूल शंभर वर्षांचा झाला तरी त्याला 'नवा पूल' म्हणणारे लोक आहेत. फार कशाला, फ्रान्सची राजधानी पॅरिस घ्या. तिथे एका पुलाचं नावच 'नवा पूल' आहे. त्याचं काम १५७८ साली सुरू झालं आणि आज तो पॅरिसमधला सगळ्यांत जुना पूल आहे! घरातल्या धाकट्या मुलाला साठाव्या वर्षीही सगळे 'बाळ' म्हणतात ना, तसंच हे. एकदा चिकटलं ते चिकटलं.

आणि खुद्द 'जालना' हे नाव? जुन्या लोकांकडून एक गोष्ट ऐकायला मिळते. फार पूर्वी या गावाचं नाव जनकपूर होतं. पुढे इथे एक श्रीमंत मुसलमान व्यापारी झाला. धंद्यानं विणकर, म्हणजे जुलाहा. त्यानं गावासाठी पुष्कळ काही केलं, म्हणून 'जुलाहा' वरून जालना. ही दंतकथा आहे, तिला इतिहासाचा पुरावा मागू नका. पण एवढं मात्र लक्षात घ्या, की आपल्या गावाचं नाव राजाऐवजी एका विणकरावरून पडलं, असं सांगायला लोकांना आवडलं.

दुसरं कोडं चौफुलीचं. फुली म्हणजे काय, ते तुम्हांला ठाऊकच आहे. गणित चुकलं की बाई वहीवर मारतात ती! रस्ते एकमेकांना छेदून जमिनीवर फुली मारतात ती चौफुली. जालन्यात अंबड चौफुली आहे, मंठा चौफुली आहे. आमच्याकडे पहिल्यांदाच आलेले एक पाहुणे रिक्षात बसले होते. रिक्षावाला म्हणाला, "मंठा चौफुली आली." पाहुणे घाबरले. "अहो, मला जालन्यातच उतरायचंय! मंठ्याला कशाला आणलंत?" मंठा तिथून पन्नास-साठ किलोमीटर लांब. रिक्षावाला शांतपणे म्हणाला, "मामा, मंठा नाही आलं, मंठ्याचा रस्ता आला."

हेच त्या कोड्याचं उत्तर आहे. चौफुलीचं नाव ती कुठे आहे त्यावरून पडत नाही, तिथून कुठे जाता येतं त्यावरून पडतं. जुन्या शहरांच्या वेशींचंही तसंच. छत्रपती संभाजीनगरात दिल्ली दरवाजा आहे आणि पैठण गेटही आहे. पुण्याच्या शनिवारवाड्यालाही दिल्ली दरवाजा आहे. आणि खुद्द दिल्लीत? तिथे अजमेरी गेट आणि काश्मिरी गेट! म्हणजे बघा, प्रत्येक गावानं आपल्या दारावर दुसऱ्याच गावाचं नाव लिहून ठेवलंय.

तिसरं कोडं रेल्वे स्टेशनवरचं. हा मार्ग १९०० साली सुरू झाला. हैदराबाद संस्थानातली गोदावरी खोऱ्याची रेल्वे ती, मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत. तेव्हा रूळ अरुंद, मीटर गेजचे होते. १९९० नंतरच्या काही वर्षांत ते रुंद झाले. महाराष्ट्रातल्या पुष्कळ स्टेशनांवरच्या पिवळ्या पाट्या नीट बघा. गावाचं नाव तीनदा लिहिलेलं असतं. मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. आता 'जालना' हे मराठीत कसं लिहायचं? जालना. आणि हिंदीत? जालना! तेच नाव, त्याच अक्षरांत. पेंटरला एकदाच शिकवलं आणि दोनदा कामाला लावलं. पण सगळीकडे असं नाही बरं का. नागपूरला मराठीत 'पू' दीर्घ आणि हिंदीत 'पु' ऱ्हस्व. शुद्धलेखनाच्या तासाला ज्याला मार्क कमी पडतात, त्यानं नागपूर स्टेशनवर जाऊन दोन्ही पाट्यांसमोर उभं राहावं. एक तरी बरोबर येईलच!

त्याच पाटीच्या खाली अजून एक ओळ असते. समुद्रसपाटीपासूनची उंची. आमच्या जालन्यातून रेल्वेनं मुंबई गाठायची तर चारशेहून जास्त किलोमीटर जावं लागतं. इथल्या कित्येक लोकांनी समुद्र फक्त सिनेमात पाहिलेला. मग स्टेशनवर समुद्र कशाला? समजा, तुम्ही वर्गात बाकावर उभे आहात आणि तुमचा मित्र पायरीखाली उभा आहे. तुमच्यात उंच कोण, हे कसं ठरवायचं? दोघांना एकाच फरशीवर उभं करावं लागेल. रूळ टाकताना इंजिनिअरांना हेच करावं लागतं. पुढचं गाव या गावापेक्षा किती वर आहे, चढ किती, उतार किती, हे कळायला सगळ्या गावांना मिळून एक फरशी हवी. ती फरशी म्हणजे समुद्र. आमच्या दुष्काळी गावाचीसुद्धा उंची समुद्रापासूनच मोजतात, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

चौथं कोडं एसटी स्टँडवरचं. हे माझं सगळ्यांत आवडतं. जालना जिल्ह्यातल्या गाड्यांचा नंबर 'एमएच २१' नं सुरू होतो. शेजारच्या संभाजीनगरचा २०, परभणीचा २२, बीडचा २३. हे तुम्हांला पाठ असेल. आता स्टँडवर जा आणि लाल एसटीचे नंबर वाचा. गाडीवर लिहिलंय जालना आगार. ड्रायव्हर, कंडक्टर जालन्याचे. गाडी रोज जालना-अंबड फेऱ्या मारते. आणि नंबर मात्र एमएच २०! कधी एमएच १४, कधी एमएच ४०. गाडी काय चोरीची आहे?

नाही हो. माणसाच्या जन्माच्या दाखल्यावर जन्मगाव असतं, तसा तो नंबर आहे. एसटीच्या पुष्कळ गाड्यांच्या बॉड्या महामंडळाच्या स्वतःच्या कार्यशाळांत बांधल्या गेल्या आहेत. एक कार्यशाळा पुण्याजवळ दापोडीला, एक संभाजीनगरजवळ चिकलठाण्याला, एक नागपूरजवळ हिंगण्याला. दापोडीत तयार झालेल्या गाडीची नोंद पिंपरी-चिंचवडला, म्हणून १४. चिकलठाण्याची २०. हिंगण्याची नागपूर ग्रामीणमध्ये, म्हणून ४०. मग जिथे गरज असेल तिथल्या आगारात ती गाडी जाते आणि जन्मभर तिथलीच होऊन राहते. आता खाजगी कारखान्यांत बांधलेल्या गाड्याही येतात, त्यांचे नंबर आणखी वेगळे. पुढच्या वेळी गाडीला उशीर झाला तर कुरकुरू नका. समोर उभ्या असलेल्या गाड्यांची जन्मगावं ओळखा. अर्धा तास कसा जातो ते कळत नाही.

माझ्या आजीला वाचता येत नव्हतं. नंबरही नाही आणि पाटीही नाही. पण ती कधी चुकीच्या गाडीत बसली नाही. मी विचारलं, "आजी, तुला कसं कळतं गं?" ती म्हणाली, "लेकरा, गाडीकडं कशाला बघायचं? धावणारी माणसं बघायची. आपल्या भागातल्या बाया लुगडं कसं नेसतात, गडी पटका कसा बांधतात, ते मला ठावं हाय. त्या ज्या गाडीत चढतात, ती आपली." मी तेव्हा पाटी वाचायला शिकलो होतो, आणि आजी पाटीच्या पुढचं वाचत होती.

आता शेवटचं कोडं. हे थोडं मोठं आहे, आणि नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

आपण बोलताना काय म्हणतो? "लाइट गेली." कुठे गेली? मावशीकडे? "स्टेशन आलं." स्टेशन येतं की आपण जातो? आणि "नळ आला!" नळ तर भिंतीत पक्का बसवलेला. तो येणार कसा? चालत?

मी सहावीत असताना आमच्या गल्लीत एक बिऱ्हाड राहायला आलं. थेट बिहारहून. वडील लोखंडाच्या कारखान्यात कामाला. जालन्यातल्या सळयांच्या कारखान्यांत दूरदूरचे मजूर येतात, त्यांतलेच ते. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर आला. घरात कोणालाच मराठी येत नव्हतं.

आमच्याकडे तेव्हा आठ दिवसांतून एकदा पाणी यायचं. कधी येईल त्याचा नेम नाही. पहाटे, दुपारी, नाहीतर मध्यरात्री. त्या आठवड्यात ते रात्री दोनला आलं. पलीकडच्या काकूंनी सवयीप्रमाणे गल्लीत हाळी दिली, "आला गं बाई आला! उठा, आला!" धाडधाड दारं उघडली. बादल्या, हंडे, घागरी, कळश्या यांचा आवाज, पळापळ. आणि त्या नव्या बिऱ्हाडाचं दार उघडलं तर दारात माझ्या मित्राचे वडील हातात काठी घेऊन उभे! मागे त्याची आई हातात तवा घेऊन. त्यांना वाटलं, चोर आला.

सगळी गल्ली पोट धरून हसली. तेही हसले. पण हसून होईपर्यंत आणि कोणीतरी हातवारे करून समजावून सांगेपर्यंत वेळ गेला. त्यांच्याकडे मोठं भांडंही नव्हतं. दोन बादल्या भरल्या आणि नळ फुरफुरला, थांबला. दोन बादल्या, चार माणसं आणि आठ दिवस. मुलांनो, हे गणित तुम्हीच करा.

माझी आई हसता हसता एकदम गप्प झाली होती. तिनं आमची एक भरलेली घागर उचलली आणि त्यांच्या दारात नेऊन ठेवली. मग काकूंनी एक कळशी ठेवली. मग आणखी एकीनं. पाणी कमी सगळ्यांकडेच होतं. पण त्या रात्री गल्लीतल्या लोकांच्या ध्यानात आलं, की आपल्याला जे रोजचं वाटतं ते नव्या माणसाला कोणी सांगितल्याशिवाय कळणार कसं? आपल्या गावात नळ 'येतो', त्याचा वार असतो, आदल्या दिवशी भांडी रिकामी करून ठेवायची असतात, हे कुठे पाटीवर लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात माझ्या मित्रानं हात वर केला आणि सरांना विचारलं, "सर, नल आता है, तो कहाँ से आता है? चलके?" वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. उत्तर कोणाकोणाला येतं? हात वर करा." एकही हात वर झाला नाही. हसणाऱ्यांचा तर नाहीच नाही.

मग सरांनी सांगितलं. नळ खरोखरच येतो, आणि शेकडो वर्षांपासून येतो. जमशेदखान नावाच्या जुन्या काळच्या अधिकाऱ्यानं जालन्यात मोती तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ घालून त्याचं पाणी गावातल्या हौदापर्यंत आणलं. पुढे निजामाच्या काळात घाणेवाडीचा तलाव झाला, त्याचं पाणी नव्या जालन्याला मिळू लागलं. तलावातलं पाणी शहरातल्या उंच टाकीत येतं. टाकी उंच का? तर पाण्याला खाली धावायला जोर मिळावा म्हणून. पण सगळ्या गल्ल्यांचे नळ एकदम सोडले तर जोर वाटला जातो आणि उंचावरच्या घरांना थेंबही मिळत नाही. म्हणून वॉलमन लांब दांड्याची चावी घेऊन फिरतो. एका भागाचा वॉल उघडतो, दुसऱ्याचा बंद करतो. असं करत करत आपला नंबर आठव्या दिवशी लागतो. तलावात पाणी कमी झालं की पाळी आणखी लांबते.

ज्या गावात पाणी चोवीस तास असतं, तिथे लोक 'नळ सोडला' म्हणतात. जिथे त्याची वाट बघावी लागते, तिथे तो 'येतो', पाहुण्यासारखा. आपल्या भाषेनं आपली तहान नोंदवून ठेवली आहे, असं मला तेव्हापासून वाटतं.

पुढे २०१२-१३ साली मराठवाड्यात भयंकर दुष्काळ पडला. जालना जिल्ह्याला त्याचा फार मोठा फटका बसला. मोसंबीच्या बागा उभ्या वाळून गेल्या, गावोगाव टँकर फिरले. त्या सुमारास घाणेवाडीच्या तलावातला गाळ काढायला जालन्याचे लोक स्वतः पुढे आले. पैठणच्या जायकवाडी धरणातूनही पाइपलाइननं जालन्याला पाणी आलं. आता मोती तलाव, घाणेवाडी, पैठण हे टप्पे मनात जोडून बघा. नळ किती लांबून चालत आला ते दिसेल.

आणि ते बिऱ्हाड? पुढच्या खेपेला आईनं आदल्या दिवशीच त्यांचं दार वाजवून सांगून ठेवलं. त्यांनी एक मोठा ड्रम आणला. आणि सहा महिन्यांनी एका पहाटे गल्लीत हाळी ऐकू आली, "आला गं बाई आला! उठा, आला!" आवाज काकूंचा नव्हता. माझ्या मित्राची आई सगळ्यांच्या आधी उठली होती. तिला येणारं पहिलं सलग मराठी वाक्य ते. काकू डोळे चोळत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाई, माझी नोकरी गेली!"

तर मुलांनो, या आठवड्यात एक काम करा. वहीच्या मागच्या पानावर तुमच्या गावातली तीन कोडी लिहा. एखाद्या चौकाचं विचित्र नाव, बंद पडलेलं घड्याळ, कुठेच न जाणारा जिना, काहीही चालेल. उत्तर घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. त्यांना नसेल माहीत तर पानवाल्याला, पोस्टमनला, रिक्षावाल्याला विचारा. कोणी हसलं तर हसू द्या. फक्त त्यांना एवढंच विचारा, "मग तुम्ही सांगा की उत्तर!"

आणि तुमच्या गल्लीत कोणी नवीन राहायला आलं असेल तर आजच जाऊन त्यांना सांगा, नळ कोणत्या वारी येतो ते.